मराठवाड्यातून रेसट्रॅकवर : मोटरसायकलच्या पहिल्या ट्रॅक डेची बेताच्या खर्चातली तयारी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मोटरसायकलच्या शर्यतीचे मान्यताप्राप्त सर्किट नाही. ज्याला ही हौस आहे त्याला बहुधा चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. नांदेडहून हैदराबादमार्गे चेन्नईचे अंतर सुमारे ९०० किलोमीटर भरते आणि जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून ते आणखी वाढते. चेन्नईतल्या चालकाचा एखादा दिवस वाया गेला तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ शकतो. आपला दिवस वाया गेला तर रजा, तिकीट, मुक्काम आणि शुल्क हे सगळे एकदम पाण्यात जाते. मी जालन्यात नोकरी सांभाळून ही हौस करतो, आणि सुरुवातीच्या चुकांतून माझे एक मत पक्के झाले आहे : पैसा इंजिनवर घालण्याआधी शिक्षण, ब्रेक, टायर आणि अंगावरचे साहित्य यांवर घालावा, आणि जे घरी शिकता येते ते ट्रॅकचे शुल्क भरून शिकू नये.

ट्रॅक डे आणि शर्यत यांतला फरक आधी लक्षात घ्यावा. ट्रॅक डेला आयोजक पूर्ण दिवसासाठी सर्किट भाड्याने घेतात, चालकांची नवशिके, मध्यम आणि अनुभवी अशी विभागणी करतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने साधारण १५ ते २० मिनिटांची सत्रे देतात. तेथे क्रमांक नसतो आणि बक्षीसही नसते. समोरून वाहन येत नाही, मध्येच जनावर आडवे येत नाही, वळणांच्या बाहेर मोकळी जागा ठेवलेली असते आणि रुग्णवाहिका उभी असते. शर्यतीत उतरायचे असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय या राष्ट्रीय संस्थेचा परवाना लागतो. तो पुढचा टप्पा आहे आणि पहिल्या वर्षी त्याचा विचार करण्याची गरज नाही.

आपल्याकडे बायपासवर किंवा दौलताबादच्या घाटात रात्री गाड्या पळवणारी मुले दिसतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अथवा दोन्ही. गुन्हा पुन्हा केल्यास कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. समृद्धी महामार्ग आपल्या दारावरून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावर वेगाचा सराव करून काही शिकता येत नाही, कारण तेच वळण त्याच वेगाने, त्याच जागी ब्रेक लावून दहा वेळा घेतल्याशिवाय आपले कोठे चुकते हे कळत नाही, आणि रस्त्यावर अशी दहा वेळांची संधी मिळत नसते.

सर्किट कोणते निवडावे

मराठवाड्यातल्या नवशिक्याला मी चेन्नईचे नाव सुचवतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचे हे सर्किट मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे आहे. हे सर्किट होण्याआधी चेन्नईच्या शर्यती शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. पूर्ण सर्किटची लांबी ३.७१७ किलोमीटर आहे आणि त्यात १२ वळणे आहेत. देशातल्या मोटरसायकल शर्यतींचे आणि प्रशिक्षणाचे बरेचसे काम याच सर्किटच्या आसऱ्याने चालते, त्यामुळे भाड्याची गाडी, भाड्याचा सूट आणि शिकवणारी माणसे हे तिन्ही एका ठिकाणी मिळण्याची शक्यता येथे सर्वांत जास्त. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे हा शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा, म्हणजे लहान आहे, आणि छोट्या गाडीला तो चांगला मानवतो. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट पाच किलोमीटरांहून लांब आहे. २०११ ते २०१३ या काळात तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. त्याच्या लांबलचक सरळ भागावर १५० सीसीची गाडी पूर्ण थ्रॉटल देऊनही रेंगाळल्यासारखी वाटते, त्यामुळे छोट्या गाडीच्या नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये.

त्याही आधी, आणि बऱ्याच कमी खर्चात, गो-कार्टिंग करून पाहावे. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. लातूर-धाराशिवच्या माणसाला सोलापूरमार्गे एका मुक्कामात तेथे जाऊन येता येते. पुणे आणि हैदराबादकडेही भाड्याच्या कार्टची सोय आहे. कार्टला चार चाके असताना मोटरसायकलवाल्याला तिचा काय उपयोग, असे मला अनेकांनी विचारले आहे. उपयोग डोळ्यांना आहे. वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचे, आतल्या कडेला जेथे सर्वांत जवळ जायचे त्या बिंदूला, म्हणजे एपेक्सला टेकायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे सुटायचे, ही रेषा कार्टमध्ये पडण्याचे भय नसताना दिसू लागते. ब्रेक उशिरा लावला की एपेक्स चुकतो आणि एपेक्स चुकला की पुढचा सरळ भाग संथ जातो, हे कोणी न सांगता दहा मिनिटांत उमगते.

पहिली खेप भाड्याच्या गाडीवर

मी स्वतः हे उलटे केले आणि त्याची किंमत मोजली. पहिल्याच वेळी आपली गाडी न्यायची, ही माझी हौस होती. गाडी नेण्याचा खर्च, तिची आधीची तयारी आणि पडझड झाल्यास दुरुस्ती हे सगळे धरले तर प्रशिक्षण शाळेचे शुल्क महाग वाटत नाही, कारण अनेक शाळांच्या शुल्कात किंवा थोड्या जादा रकमेत गाडी आणि सूटही मिळतो. रजिनी कृष्णन यांच्यासारखे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले चालक चेन्नईत शिकवतात. आपण फक्त हेल्मेट, हातमोजे आणि बूट घेऊन रेल्वेने जायचे. सायंकाळी गाडी त्यांची त्यांच्याकडे राहते आणि आपण त्याच रात्रीची परतीची गाडी धरू शकतो.

नाव नोंदवण्याआधी आयोजकाला काही गोष्टी लेखी विचाराव्यात : दिवसभरात एकूण किती सत्रे आणि प्रत्येक सत्र किती मिनिटांचे, एका गटात किती चालक, किती चालकांमागे एक शिक्षक, पडझड झाल्यास भाड्याच्या गाडीची भरपाई कशी आणि किती मर्यादेपर्यंत, आणि पाऊस आल्यास शुल्काचे काय. यांतला भरपाईचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कमी शुल्क दिसले म्हणून मी एकदा हा प्रश्न न विचारता पैसे भरले आणि लिव्हर, हँडल व फूटरेस्ट यांचे बिल हातात पडले तेव्हा ते शुल्काच्या निम्म्याच्या वर गेले होते.

विम्याचेही येथेच सांगतो. आपल्या मोटरसायकलच्या नेहमीच्या विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर झालेल्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळेल असे धरून चालू नये. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबाबतचे एक प्रमाणित कलम असते आणि त्यात मोटार शर्यतीचा नावानिशी उल्लेख आहे. ते कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांविषयी आहे. तरीही आपल्या पॉलिसीतले शब्द स्वतः वाचावेत आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. ट्रॅकवर आपल्याकडून एका हमीपत्रावर सही घेतली जाते. ते न वाचता सही करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. घरच्यांना, निदान एका माणसाला, आपण कोठे आणि कशासाठी जात आहोत हे खरे सांगून जावे, कारण हमीपत्रावर त्यांचाच फोन क्रमांक लिहायचा असतो.

अंगावरचे साहित्य

येथे काटकसर करायची ती कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न आहे. हेल्मेट स्वतःचेच असावे, पूर्ण चेहरा झाकणारे असावे आणि डोक्याला घट्ट बसणारे असावे. ते घालून गाल आत दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हाताने फिरवले तर कपाळाची कातडीही त्यासोबत सरकली पाहिजे. आपल्याकडे आयएसआयचे चिन्ह कायद्याने लागतेच. ट्रॅकसाठी त्याबरोबर युरोपीय ईसीई २२.०६ मानकाचे चिन्ह आणि दुहेरी डी-रिंगचा पट्टा पाहून घ्यावा. भारतीय कंपन्यांची अशी हेल्मेटे परवडतात. सेकंडहँड हेल्मेट मात्र कधीही घेऊ नये, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की तो पुन्हा धक्का शोषत नाही आणि तो दबला आहे हे बाहेरून दिसत नाही.

चामड्याचा सूट पहिल्या दोन-तीन खेपांना भाड्याने घ्यावा. जीन्स आणि जाकीट चालेल का, असे विचारणाऱ्याला एकच सांगतो : डांबरावर घसरताना कापड घासून फाटायला फार वेळ लागत नाही, आणि नियमांत ते बसतही नाही. सूट दोन भागांचा असेल तर कमरेभोवती पूर्ण साखळी, म्हणजे झिप लावून दोन्ही भाग जोडता आले पाहिजेत. भाड्याच्या सूटमध्ये पाठीचा संरक्षक बहुधा नसतो किंवा जुना असतो, म्हणून हेल्मेटनंतरची दुसरी खरेदी पाठीच्या संरक्षकाची करावी आणि त्यावर ईएन १६२१-२ हे मानक व शक्यतो लेव्हल २ लिहिलेले पाहावे. हातमोजे मनगटाच्या वरपर्यंत येणारे आणि बूट घोट्याच्या वर जाणारे हवेत.

स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर

मग ती छोटी असू द्या. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि आपल्या भागात पल्सर दुरुस्त करणारा मिस्त्री मिळत नाही असे तालुक्याचे गाव सापडणार नाही. पडल्यावर हँडल, लिव्हर आणि इंडिकेटर त्याच दिवशी, बेताच्या किमतीत मिळतात, ही गोष्ट पहिल्या दोन वर्षांत दहा अश्वशक्तींपेक्षा मोलाची ठरते. १५० ते २०० सीसीची, पुढे डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस टायर असलेली कोणतीही धडधाकट गाडी चालते. आर-१५ सारख्या गाड्यांची बसण्याची ठेवण ट्रॅकला जास्त सोयीची आहे, पण त्यांचे पुढचे प्लास्टिक एकदा फुटले की खर्च वाढतो.

गाडी तयार करताना आधी काय काढायचे ते पाहावे. सारी गार्ड, लेग गार्ड, मेन स्टँड, साइड स्टँड आणि आरसे काढून घरी ठेवावेत. मेन स्टँड आणि लेग गार्ड गाडी कलल्यावर जमिनीला टेकतात, आणि टेकलेल्या लोखंडावर भार गेला की मागचे चाक उचलले जाते. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी आडवी-उभी लावावी, म्हणजे फुटल्यावर तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. रेडिएटर असलेल्या गाडीत ग्लायकॉलयुक्त कूलंट काढून साधे डिस्टिल्ड वॉटर भरण्याची अट पुष्कळ ठिकाणी असते, कारण कूलंट सांडले की ट्रॅक निसरडा होतो आणि नुसत्या पाण्याने लवकर निघत नाही. घरी परतल्यावर कूलंट पुन्हा भरायला विसरू नये. इंजिन ऑइल नवे भरावे, ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचे झाकण घट्ट आहे याची स्वतः खात्री करावी आणि चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवावा.

ब्रेकबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझी पहिली खेप तेथेच फसली. निघण्याच्या आठ दिवस आधी मी गाडी गॅरेजला दिली होती. सर्व्हिस झाली, पॅड नवे बसले, आणि ब्रेक ऑइल बदलले का हे मी विचारलेही नाही. चेन्नईत पहिली दोन सत्रे उत्तम गेली. तिसऱ्या सत्रात सरळ भागाच्या शेवटी ब्रेक धरला तेव्हा लिव्हर नेहमीच्या जागी न अडता हँडलच्या मुठीपर्यंत आली. मी दोन-तीनदा भराभर दाबून थोडा ब्रेक मिळवला, वळण सोडून सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेलो आणि मातीत गाडी आडवी झाली. वेग कमी झाला होता म्हणून मला काही लागले नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यात, एका अनुभवी मेकॅनिकने कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे ऑइल काढण्याच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली आणि ऑइल काढले. नळीत कोऱ्या चहाच्या रंगाचे ऑइल उतरले आणि त्यातून बारीक बुडबुडे येत होते. नवे ऑइल भरल्यावर त्याच लिव्हरला दगडासारखा कडकपणा आला.

झाले होते ते असे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर त्याच मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ताशी १२० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीत ६० च्या वेगाच्या चौपट ऊर्जा असते आणि ती थांबवताना त्या ऊर्जेची उष्णता डिस्कमध्ये जाते; ट्रॅकवर हे दर फेरीला अनेकदा घडते आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही. ऑइल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण पिस्टन ढकलत नाही. सीलबंद डबीतले डॉट ४ दोन-तीनशे रुपयांत मिळते. बदलताना जवळ उभे राहावे, नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ रंगाचे ऑइल येईपर्यंत ब्लीडिंग करून घ्यावे, आणि उघडून महिनोन्महिने ठेवलेल्या डबीतले ऑइल कोणी वापरू लागला तर त्याला थांबवावे.

टायर गुळगुळीत झालेले किंवा बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडलेले नसावेत. आपल्याकडच्या उन्हात दारात उभी राहणारी गाडी असेल तर नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले असते, म्हणून टायरवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष पाहावे. हवेचे गणित मात्र सोबत नेलेल्या आपल्या मीटरनेच करावे. थंड टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली आणि टायर ४५ अंशांनी तापला तर तीच हवा ३५ च्या वर जाते. फुगलेल्या टायरचा जमिनीवरचा ठसा लहान होतो आणि पकड घटते. सत्र संपवून पिटमध्ये येताच, टायर गरम असताना हवा मोजावी, वहीत लिहावी आणि टायर बनवणाऱ्याने किंवा शिक्षकाने सांगितलेल्या मर्यादेत ती आणावी. परतीच्या प्रवासाआधी ती पुन्हा भरावी.

गाडी नेण्याचे दोन मार्ग आहेत. रेल्वेच्या पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात बांधून, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत देऊन ती नोंदवावी लागते, आणि ती ठरल्या दिवशी पोहोचेलच असे गृहीत धरता येत नाही, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवावे. दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो : तीन-चार जणांनी मिळून एक पिकअप ठरवायचा आणि भाडे वाटून घ्यायचे. गाड्या उभ्या करताना पुढच्या चाकाला लाकडी ओंडक्याचा आधार द्यावा, दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी पुढचे शॉकअप निम्मे दाबले जाईल इतके आवळावे आणि पन्नास-साठ किलोमीटरांनंतर थांबून पट्ट्या पुन्हा तपासाव्यात, कारण पहिल्या टप्प्यात त्या सैल पडतातच.

जिनिंगच्या आवारातला सराव

आपल्या भागाकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या शहरांकडे नाही, ती म्हणजे मोकळी जागा. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग कारखान्यांची फरशी घातलेली मोठी आवारे रिकामी पडतात. मालकाची परवानगी घेऊन, गंजी पूर्ण उठलेल्या असताना आणि कोठेही कापूस पडलेला नसताना तेथे सराव करता येतो. फरशी आधी झाडून घ्यावी. सरकीचे दाणे आणि कापसाचा भुसा चाकाखाली वाळूसारखे घसरतात, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ कापूस असणे धोक्याचे आहे. सोबत एक माणूस असावा. हेल्मेट, हातमोजे आणि बूट येथेही घालावेत.

चुन्याने दोन खुणा दहा मीटर अंतरावर कराव्यात आणि त्यांभोवती पहिल्या गियरमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढत राहावे. नजर नेहमी पुढच्या खुणेकडे असावी. ज्या खुणेला वळसा चालू आहे तिच्याकडे पाहत राहिले की गाडी नेमकी तिच्यावरच जाते. हे जमले की ब्रेकचा सराव करावा. ताशी ३० ते ४० च्या वेगाने येऊन एका रेघेवर ब्रेक लावायचा आणि किती अंतरात थांबलो ते पावलांनी मोजायचे. लिव्हर झटक्याने न ओढता आधी हलकेच दाबून पुढचे शॉकअप बसू द्यावे, आणि गाडीचा भार पुढच्या चाकावर आल्यावर दाब वाढवावा. अर्धा तास हे केल्यावर बोटांना फरक कळू लागतो : आधी पुढचे चाक चिरकते, नंतर तेच चाक जमिनीला चिकटून थांबते. सुट्टीच्या दोन-तीन सकाळी यात घातल्या तर ट्रॅकवरचे पहिले सत्र ब्रेकच्या भीतीत जात नाही.

ट्रॅकवरचा दिवस

सकाळी तपासणी होते. गाडीतून तेल गळत नाही ना, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटते ना, चाकांच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही ना, हेल्मेट आणि सूट नियमांत बसतात ना, हे पाहिले जाते. नंतरच्या सूचनांच्या वेळी मागे उभे राहून गप्पा मारू नयेत, कारण झेंड्यांचा अर्थ तेव्हाच सांगतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे. वेग कमी करावा आणि कोणाला ओलांडू नये. लाल म्हणजे सत्र थांबवले आहे आणि सावकाश पिटमध्ये यायचे आहे. लाल-पिवळे पट्टे म्हणजे पृष्ठभाग निसरडा आहे. निळा म्हणजे मागून वेगवान चालक येत आहे. तेव्हा बाजूला व्हायला न धडपडता आपली रेषा स्थिर ठेवावी. काळ्यावर नारिंगी गोल असलेला झेंडा आपल्याकडे दाखवला तर गाडीत बिघाड दिसला आहे असे समजून बाहेर यावे. चौकटींचा झेंडा सत्र संपल्याचा असतो आणि त्यानंतरची फेरी ब्रेक व इंजिन थंड होऊ देण्यासाठी हळू मारायची असते.

पहिल्या सत्रात तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये, ब्रेक जवळजवळ न वापरता फेऱ्या माराव्यात आणि फक्त रेषा पाहावी. दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक वळणाला एक खूण ठरवावी, जसे अंतराची पाटी, कडेच्या रंगीत पट्ट्याची सुरुवात किंवा डांबराचा जोड, आणि तेथेच ब्रेक सुरू करावा. ब्रेक गाडी सरळ उभी असताना लावावा आणि कलताना हळूहळू सोडावा. वळणात शिरताना वेग थोडा कमीच ठेवावा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ६० ला गाडी आणि चालक मिळून साधारण ३० अंश कलावे लागतात, ७२ ला ३९ अंश, आणि ८० ला ४५. वीस किलोमीटरांच्या फरकाने कल दीडपट होतो, आणि शिरतानाच ८० झाले की चुकीला जागा उरत नाही. तेच वळण ६० ने घेऊन एपेक्सपासून थ्रॉटल सावकाश, सलग उघडत गेल्यास पुढच्या सरळ भागावर जास्त वेग मिळतो, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीला तर तेथे मिळालेला प्रत्येक किलोमीटर शेवटपर्यंत उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या मागे लागून वेग वाढवू नये. त्याचे टायर, त्याचे ब्रेक आणि त्याची वर्षे आपल्याला माहीत नसतात.

एका दिवसात पाच सत्रे आणि प्रत्येकात आठ फेऱ्या धरल्या तर चेन्नईच्या ट्रॅकवर सुमारे १५० किलोमीटर होतात. हे अंतर जालना ते परभणी रस्त्याने जाण्यासारखे नव्हे. मांड्या, मनगटे आणि मान तिसऱ्या सत्रानंतर बोलू लागतात. चामड्याच्या सूटमध्ये घाम सुकत नाही, आणि मराठवाड्याच्या ४२ अंशांची सवय असली तरी चेन्नईची दमट हवा वेगळी आहे. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल स्पर्धेच्या शर्यतीत उष्णतेमुळे फेऱ्या २४ वरून २१ केल्या होत्या, आणि तरीही जगातल्या सर्वांत तंदुरुस्त चालकांपैकी एक असलेला होर्हे मार्टिन शरीरातले पाणी कमी झाल्याने शर्यतीनंतर कोसळण्याच्या बेतात होता. प्रत्येक सत्रानंतर सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसावे आणि ओआरएसचे पाणी घोटघोट घ्यावे. दुपारी पोटभर भात खाऊन सत्राला जाऊ नये. केळी आणि दशम्या पुरतात. शेवटचे सत्र थकलेल्या अंगाने सुरू करावे लागत असेल तर ते सोडावे. पैसे भरले आहेत म्हणून काढलेल्या शेवटच्या सत्रातच लोक पडतात, हे मी पिटमध्ये बसून पुन:पुन्हा पाहिले आहे.

सायंकाळी गाडी बांधण्याआधी वहीत लिहून ठेवावे : प्रत्येक सत्रानंतरची दोन्ही टायरची गरम हवा, किती पेट्रोल लागले, पॅड किती उरले, कोणत्या वळणाला कोणती खूण ठरवली होती आणि कोठे भीती वाटली. घरी आल्यावर मेन स्टँड, आरसे आणि सारी गार्ड परत बसवावेत, दिव्यांवरच्या पट्ट्या काढाव्यात, कूलंट भरावे, ब्रेकच्या पॅडची जाडी पाहावी आणि टायरच्या कडांना गुंडाळी होऊन चिकटलेले रबर व त्यात रुतलेले खडे काढावेत. ब्रेक ऑइलची एक नवी सीलबंद डबी त्याच आठवड्यात आणून कपाटात ठेवावी आणि पुढच्या खेपेच्या आदल्या आठवड्यात ती फोडावी.